माकड नेमकी तुमचीच पिशवी का ओढतं?

पावसाळा लागला की ठाणे-नवी मुंबईकरांच्या मोबाईलवर दोन तऱ्हेचे व्हिडिओ फिरू लागतात. एकात माथेरानच्या वाटेवर कुणीतरी माकडाला हाताने वेफर्स भरवत असतं. दुसऱ्यात माकड कुणाची तरी पर्स घेऊन झाडावर बसलेलं असतं आणि खाली आरडाओरडा चाललेला असतो. पहिल्यावर बदाम पडतात, दुसऱ्यावर ‘माकडं फार माजलीत हल्ली’ असे शेरे. हे दोन्ही व्हिडिओ एकाच गोष्टीचे दोन टप्पे आहेत. मधला टप्पा कॅमेऱ्यात येत नाही, आणि सहलीला निघण्याआधी समजून घ्यायचा तो हाच.

येऊर, कर्नाळा, माथेरान, घारापुरी, माळशेज, खंडाळा. आपल्याकडून एका दिवसात जाऊन येण्याच्या जवळपास प्रत्येक ठिकाणी माकडं आहेत. घोडबंदर रोडच्या कितीतरी सोसायट्यांना तर सहलीला जायचीही गरज नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द मागच्या भिंतीपलीकडेच सुरू होते.

आधी ओळख: समोर नेमकं कोण आहे?

आपल्या भागात तीन मंडळी भेटतात. टोपी माकड तपकिरी-करड्या अंगाचं असतं, डोक्यावरचे केस मधोमध भांग पडून बाजूंना पसरलेले आणि शेपूट अंगापेक्षा लांब. हे फक्त दक्षिण भारताच्या पठारी भागातलं आणि सह्याद्रीतलं. लालतोंडं माकड मूळचं उत्तरेकडचं. त्याची शेपूट आखूड असते आणि कमरेखालचे केस नारिंगी-तांबूस. तिसरं वानर: काळं तोंड, राखाडी अंग, लांबलचक शेपूट. वानराच्या मोठ्या नराला आपण हुप्प्या म्हणतो, आणि त्याचं वजन पंधरा किलोच्या आसपास जातं. टोपी माकडाचा नर साधारण त्याच्या निम्मा भरतो.

ओळख पटवायची ती हौस म्हणून नाही. पहिल्या दोघांच्या गालात आतून पिशव्या असतात. मिळेल ते मूठभर अन्न क्षणात गालात कोंबायचं, झाडावर जायचं आणि मग निवांत चावायचं, अशी त्यांच्या शरीराची रचनाच आहे. हिसकावून पळणं त्यांना फायद्याचं पडतं ते यामुळे. वानराला या पिशव्या नसतात. तो मुख्यतः पानं खाणारा. त्याच्या पोटाला अनेक कप्पे असतात आणि तिथले जिवाणू पानं आंबवून पचवतात. त्या पोटात बिस्किटं, पाव, साखर गेली की आंबण्याची क्रिया भलत्याच वेगाने होते, आम्ल वाढतं, पोट फुगतं आणि जनावर आजारी पडतं. वानराला पार्ले-जी देणारा माणूस प्रेमानेच देतो, पण ते प्रेम पोटाला झेपत नाही.

फळझाडं असताना पिशवीच का?

टोपी माकडाची मादी साधारण चार किलोची. जंगलात तिचा दिवसाचा मोठा भाग खाणं शोधण्यात जातो: उंबर, वडाची फळं, कोवळे कोंब, किडे, टोळ. एकेका घासामागे चालणं, चढणं, उलथापालथ करणं आलं. उलट वेफर्सच्या पन्नास ग्रॅमच्या पुडक्यात साधारण २७० किलोकॅलरी असतात. चार किलोच्या प्राण्याच्या दिवसभराच्या गरजेतला मोठा हिस्सा झाला हा, आणि तो मिळतो एका झडपेत. हा साधा हिशेब आहे, आणि माकड हिशेबात कच्चं नाही.

आता तो मधला टप्पा. माणसाने पहिल्यांदा खाणं फेकलं तेव्हा माकड दहा पावलांवर होतं. पुढच्या खेपेला पाच पावलांवर, मग हातातून. एखाद्या दिवशी माणूस द्यायला कचरतो, माकड दात दाखवतं, माणूस घाबरून पुडकं टाकतो. त्या क्षणी माकडाला धडा मिळतो की मागण्यापेक्षा दरडावणं लवकर फळतं. आणि दहा माणसांपैकी एकानेच पुडकं टाकलं तरी सवय सुटत नाही. वर्तनाचे अभ्यासक याला अनियमित प्रबलन म्हणतात: बक्षीस दरवेळी मिळालं नाही, कधीतरीच मिळालं, तर सवय उलट जास्त चिवट होते. म्हणून ‘मी एकट्याने एक बिस्कीट दिलं तर काय बिघडलं’ या युक्तिवादात दम नाही. ते कधीतरीचं बक्षीस म्हणजे तुम्हीच.

माकडाला अन्न दिसावंच लागतं असंही नाही. कुरकुरणारं प्लॅस्टिक, हातात लोंबणारी पातळ पिशवी, सॅकच्या बाजूच्या कप्प्यातून डोकावणारी रंगीत पाण्याची बाटली, एवढं पुरतं. घारापुरीच्या पायऱ्यांवर कोल्ड्रिंकच्या बाटलीसाठी झटापट होते ती उगीच नाही; झाकण काढून आतलं गोड पाणी कसं प्यायचं हे तिथल्या माकडांना चांगलं ठाऊक आहे.

टक लावून बघणं आणि दात दाखवणं

गर्दीच्या लोकलमध्ये दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांत मिनिटभर टक लावून बघा. ठाणे येण्याआधी तो विचारेल, ‘काय रे, काय बघतोस?’ माकडांतही नजर रोखणं हे आव्हानच असतं, फक्त तिथे प्रश्न विचारायची पद्धत नाही. कॅमेरा डोळ्याला लावून पुढे सरकणारा माणूस माकडाला कसा दिसतो? मोठा गोल डोळा, रोखलेला, आणि जवळ येतोय.

दुसरा गोंधळ हसण्याचा. माकडाने ओठ मागे ओढून सगळे दात दाखवले की लोक म्हणतात, बघा हसतंय. टोपी आणि लालतोंड्या माकडांत ही बहुधा भीतीची खूण असते. त्या माकडाला अडचणीत आल्यासारखं वाटतंय आणि त्याला जायला वाट हवी आहे. धमकी वेगळी दिसते: नजर रोखलेली, भुवया वर ताणलेल्या, तोंड गोल उघडं पण दात झाकलेले, डोकं किंचित पुढे, कधी जमिनीवर हात आपटणं, कधी खोटी झेप. मोठा नर सावकाश, रुंद जांभई देऊन सुळे दाखवतो तेव्हा त्याला झोप आलेली नसते. वातावरण तापलेलं असतं. ओठ भराभर मिटत-उघडत पुटपुटल्यासारखं करणं ही मात्र सलोख्याची खूण.

पिल्लाचं गणित सर्वांत नाजूक. टोपी माकडांची बहुतेक पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मतात. म्हणजे आपण पावसाळी सहलीला पोचतो तेव्हा ती काही महिन्यांची झालेली असतात, आईला सोडून इकडेतिकडे हुंदडू लागलेली. आई आणि पिल्लू यांच्या मधून तुम्ही नकळत चालत गेलात, किंवा फोटोसाठी पिल्लासमोर वाकलात, की टोळीतली कुणीही मोठी मादी, आई असो वा मावशी, अंगावर येऊ शकते. पिल्लू दिसलं की आधी आई कुठे आहे ते शोधा, आणि दोघं तुमच्या एकाच बाजूला राहतील असे चाला.

सॅक कशी भरायची

बहुतेक भांडण घरीच टाळता येतं. खाणं प्लॅस्टिकच्या पुडक्यात न नेता झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात घ्या, डबा कापडी पिशवीत आणि पिशवी सॅकच्या तळाशी, वर टॉवेल किंवा रेनकोट. डबा वाजत नाही, वास कमी येतो आणि बाहेरून काही कळत नाही. पाण्याची बाटली आत. बाजूचे जाळीचे कप्पे रिकामेच ठेवा. चेनच्या दोन टोकांना एक सेफ्टी पिन लावा. टोपी माकडाला चेन उघडता येते, पिन उघडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तुम्ही पुढे गेलेले असता. माथेरानला बाजारपेठेत चिक्की घेतली तर दुकानातच सॅकमध्ये भरा. चिक्कीची पिशवी बोटाला अडकवून स्टेशनकडे निघणारा माणूस हा तिथल्या माकडांचा ठरलेला गिऱ्हाईक आहे.

चष्म्याला मागून दोरी, मोबाईलला मनगटाची पट्टी, पण ती सैल; ओढाताण झाली तर सुटली पाहिजे. देवळात नारळ-प्रसादाची पिशवी हातात धरून बाहेर येऊ नका. बाईकवर हेल्मेट आरशाला टांगून जाऊ नका. गाडीच्या काचा पूर्ण वर, सनरूफ बंद. माळशेजसारख्या घाटात धबधब्यापाशी गाडी थांबवली तर डॅशबोर्डवर खाण्याचं काहीही नको.

खायचं असेल तर हॉटेलात, बंद गाडीत किंवा भिंती असलेल्या जागी. झाडाखाली चादर पसरून नाही.

लहान मुलांचा वेगळा विचार करावा लागतो. तीन-चार वर्षांच्या मुलाचा चेहरा माकडाच्या बराच जवळ येतो, मूल टक लावून बघतं, आनंदाने किंचाळतं, पळतं, आणि त्याच्या हातात हमखास बिस्कीट असतं. म्हणजे नको त्या सगळ्या गोष्टी एकत्र. माकडांच्या पट्ट्यात मुलांचे हात रिकामे ठेवा आणि त्यांना मोठ्यांच्या मधोमध चालवा.

समोर आलंच तर

थांबा. पळू नका, पळणाऱ्याच्या मागे लागणं माकडाला सोपं जातं, आणि ओल्या पायऱ्यांवर चाव्यापेक्षा घसरून पडण्यानेच जास्त लागतं. दोन्ही तळवे उघडे करून हात रिकामे असल्याचं दाखवा. मूठ मिटून मागे लपवली तर माकड धरून चालतं की आत काहीतरी आहे. नजर बाजूला, ओठ मिटलेले. अंग थोडं तिरकं करून, पाठ न दाखवता, हळूहळू मागे सरका आणि त्याला जायला मोकळी वाट ठेवा. दरीच्या कठड्यापाशी किंवा गुहेच्या तोंडाशी माकडाला कोपऱ्यात धरल्यासारखे उभे राहू नका.

खोटी झेप आली तर जागीच ठाम उभे राहा. काठी किंवा मिटलेली छत्री जमिनीवर आपटा, माकडावर नाही. एकाला मारलं तर ओरड ऐकून टोळी येते.

खांद्यावर किंवा सॅकवर चढून बसलं तर हाताने ढकलू नका, शेपूट तर अजिबात धरू नका. चावे बहुतेक वेळा याच क्षणी बसतात. किंचित पुढे वाका, स्थिर राहा, हातात खाणं असेल तर दूर टाका. उतरायला सोपं झालं आणि मिळण्यासारखं काही उरलं नाही की ते उतरतं.

आणि पिशवी धरलीच त्याने, तर सोडून द्या. रस्सीखेचीत वजन तुमचं जास्त आहे, दात त्याचे. शंभर रुपयांच्या खाऊसाठी रेबीजच्या चार-पाच इंजेक्शनांचा सौदा महागच.

मोबाईल किंवा चष्मा नेला तर बिस्कीट देऊन परत मिळवायचा का?

मिळतो बऱ्याचदा. अडचण तीच आहे. बालीमधल्या उलुवातू मंदिरात लांब शेपटीची माकडं पर्यटकांच्या वस्तू पळवतात आणि खाणं मिळाल्यावरच सोडतात. त्यांच्यावर झालेल्या अभ्यासात दिसलं की अनुभवी माकडं माणसाला जास्त मोलाच्या वाटणाऱ्या वस्तू निवडतात आणि चांगलं खाणं मिळेपर्यंत अडून बसतात. हा धंदा त्यांना माणसांनीच शिकवला. वृंदावनात चष्मे पळवले जातात त्यामागेही हीच देवघेव आहे.

तुम्ही करायचं एवढंच: मागे धावू नका, दगड मारू नका, गर्दी करू नका. पाच-दहा मिनिटं दूर उभे राहा. खाता न येणारी वस्तू चावून बघून माकड बहुतेकदा टाकून देतं. औषधं किंवा कागदपत्रं गेली असतील तर तिथल्या चौकीदाराला किंवा वनरक्षकाला बोलवा. कधी तेही खाणं फेकूनच वस्तू सोडवतात. नाइलाजाचा उपाय आहे तो, आणि तो त्यांच्याच हातून झालेला बरा.

‘पण हनुमानाचं रूप ना ते? शनिवारी केळी-चणे दिले तर पुण्यच’

श्रद्धेचा अनादर न करता इतकंच सांगता येईल की घाटात गाडी थांबवून फेकलेल्या केळ्याची किंमत माकड डांबरावर चुकवतं. रस्त्याकडेला खाणं मिळतं म्हणून टोळ्या रस्त्यावर बसतात, पिल्लं रस्ता ओलांडतात आणि चाकाखाली जातात. जंगलाचंही नुकसान होतं. फळं खाऊन बिया दूरवर टाकणं हे माकडांचं काम, आणि रस्त्याला चिकटून बसलेली टोळी ते करत नाही. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात प्राण्यांना खाऊ घालायला मनाईच आहे. दान करायचंच असेल तर जंगलाबाहेरच्या मोकळ्या जागेत, रस्त्यापासून दूर, वड-उंबर लावा आणि पहिले तीन उन्हाळे त्याला पाणी घाला. केळ्याच्या घडापेक्षा हे कष्टाचं आहे, हे मान्य.

‘त्यांचं जंगल आपण घेतलं, मग उपाशी नाही का राहणार?’

पहिला अर्धा भाग खरा आहे. येऊरच्या पायथ्याशी उभे राहिलेले टॉवर कुणाला नाकारता येणार नाहीत. पण खाणं घालण्याने ते जंगल परत येत नाही. भरपूर आयतं खाणं मिळणाऱ्या टोळ्यांत माद्या लवकर वयात येतात आणि जास्त पिल्लं देतात. टोळी मोठी होते, जंगल तेवढंच राहतं आणि माणसावरचं अवलंबन वाढतं. उद्या रिसॉर्ट बंद पडलं, पर्यटक आटले, की तीच माकडं घरात शिरतात. सोसायटीवाल्यांनी याच कारणासाठी आधी कचऱ्याचे डबे बघावेत. झाकण कडीने बंद होणारा डबा आणि ओला कचरा रात्रभर बाहेर न ठेवणं, एवढ्याने निम्मं काम होतं.

‘मग पकडून लांब जंगलात का सोडत नाहीत?’

कारण रिकामी झालेली जागा शेजारची टोळी घेते. खाणं तर तिथेच असतं. आणि सोडलेल्या माकडांना नव्या जागेत आधीच्या टोळ्यांशी भांडावं लागतं, काही मरतात, काही जवळच्या गावात जाऊन तेच उद्योग सुरू करतात. स्वतःहून पिंजरा लावणं हा मार्ग तर नकोच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं, सापळा लावणं आणि आमिष दाखवणंही येतं. गंभीर उपद्रव असेल तर वन विभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६.

चावलं किंवा ओरखडलं तर

इथे एक मिनिटही ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही असंच धरून चाला. त्याआधी वेळेवर उपचार झाले तर तो टाळता येतो.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. वाटेत नळ नसतो, म्हणून सॅकमध्ये साबणाची वडी आणि एक लिटर जादा पाणी असू द्या. तेवढ्यात सुरुवात करायची आणि नळ सापडला की पूर्ण पंधरा मिनिटं. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, तिखट, चुना, तेल काहीही नाही. घट्ट पट्टी नको, आणि शक्यतो टाके नकोत.

मग त्याच दिवशी रुग्णालय. कुत्रा-मांजराच्या बाबतीत ‘दहा दिवस जनावरावर लक्ष ठेवा’ असं जे सांगतात, ते माकडाला लागू नाही. वन्य प्राण्याचा चावा सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत धरतात. त्यात लशीसोबत जखमेत आणि तिच्याभोवती रेबीज इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं: तयार प्रतिपिंडं, जी लस काम करू लागेपर्यंत पहारा देतात. घोड्यापासून बनवलेलं असेल तर वजनाच्या किलोमागे ४० युनिट, मानवी असेल तर २०. पहिल्या दिवशी मिळालं नाही तर पहिल्या लशीपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, पण थांबायचं कशाला? छोट्या दवाखान्यात ते बहुतेकदा नसतं, म्हणून कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय अशा मोठ्या ठिकाणी निघण्याआधी फोन करून ‘इम्युनोग्लोब्युलिन आहे का’ असं नेमकं विचारा.

लस त्वचेत दिली तर ० (म्हणजे पहिल्या लशीचा दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दरवेळी दोन जागी. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, दंडात. कमरेत कधीच नाही. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल तर ० आणि ३ व्या दिवशीचे दोन डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, पण जुना कागद दाखवा. गरोदर बाई आणि लहान मूल यांनाही हे सगळं द्यायचंच. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. लालतोंड्यांसारख्या माकडांच्या लाळेत कधी कधी हर्पीस बी नावाचा विषाणू असतो. माणसाला तो फार क्वचित लागतो, पण लागला तर मेंदूपर्यंत पोचतो. म्हणून कोणत्या माकडाने चावलं ते डॉक्टरांना सांगा, आणि पुढच्या काही आठवड्यांत जखमेजवळ फोड, बधिरपणा किंवा ताप आला तर पुन्हा जा.

उलटही घडतं. गोवर, क्षय, फ्लू आपल्याकडून माकडांना जाऊ शकतात. खोकला असेल तर अंतर जास्त ठेवा, आणि उष्टा घास फेकू नका.

मेलेलं माकड, एकटं पिल्लू

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग किंवा तिलारीकडे जाणाऱ्यांसाठी ही सूचना जास्त महत्त्वाची. कर्नाटकातल्या शिवमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली सापडलेला, माणसांनाही होणारा माकडताप सिंधुदुर्गातही आला आहे. तो गोचिडांमार्फत पसरतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपासच्या पाचोळ्यात उतरतात. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, जवळ बसू नका. लांबून फोटो काढा, जागा नोंदवा आणि १९२६ वर कळवा. त्या भागात फिरताना अंग झाकणारे कपडे घाला आणि परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंगावर गोचीड चिकटलेली नाही ना ते तपासा.

एकटं पिल्लू दिसलं तर उचलू नका. आई बहुतेकदा जवळच्या झाडावर असते आणि तुम्ही हलायची वाट बघत असते. तीस-चाळीस पावलं मागे जा, आडोशाला थांबा, अर्धा-पाऊण तास द्या. जवळ मेलेली मादी असेल, पिल्लाला जखम असेल, किंवा अंधार पडेपर्यंत कुणीच आलं नाही, तर वन विभागाला फोन करा आणि माणूस येईपर्यंत कुत्र्यांना लांब ठेवा. दूध, पाणी, बिस्कीट काही पाजायचं-भरवायचं नाही.